जिन्याची खालची पायरी

आधी तिने खळीला दोष दिला. उभा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात गेलेला. तोंडातली ती कुजकी चव पुस्तकांना लावायच्या खळीचीच असणार. मग एक दाढ काढून घेतली. चव होती तिथेच. शिवाय डोक्याच्या मागे ठणका आणि उजव्या कानात सदा दडा बसलेला.

तीन वर्षं ती कुणाच्या जवळ म्हणून बसली नव्हती. नवऱ्यामागे उरलेलं एकच माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरची नणंद. तिच्याकडचा रोजचा चहा हिनेच मोडला. बोलायचं ते जिन्याच्या खालच्या पायरीवरून, तोंडाशी रुमाल धरून. पुढे पुढे वरून हाक येणंही थांबलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून कॅमेरा लावलेली बारीक नळी घातली आणि पडदा तिच्याकडे वळवला. नाक जिथे घशाला मिळतं तिथे, अगदी मधोमध, गुळगुळीत पिवळसर फुगवटा.

"कॅन्सर?"

"वाटत तरी नाही. स्कॅन करू."

स्कॅनमध्ये साधीच गाठ निघाली, क्वचित कुणाला होणारी. तिच्यातलाच पू घशात झिरपत होता.

"वासामुळे मेल्याहून मेल्यासारखं होतं हो."

"वास येतो असं कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. विचारायचं तर कुणाच्या जवळ जावं लागलं असतं.

"चव तुम्हाला येते. शेजारच्याला वास येईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही हवी."

मनात देवाचं नाव घेत ती जिना चढली आणि दारातूनच विचारलं, "वन्सं, माझ्या तोंडाला वास यायचा?"

"नाही गं बाई! मला वाटलं, भाऊ गेला, आता नणंद कशाला हवी." चष्मा शोधायला त्यांना बराच वेळ लागला. "कुठे करू सही?"

नाकातूनच दुर्बीण घालून गाठीची पुढची भिंत कापली, पुन्हा भरू नये म्हणून गाठ उघडीच ठेवली. दहाव्या दिवशी पाणी नुसतं पाण्यासारखं लागलं, तेव्हा ती वर गेली.

टेबलाशी एकच खुर्ची मोकळी होती. दुसरीवर कपड्यांचा ढीग.

"बसायला कोण होतं?" म्हणत वन्संनी ढीग उचलला.

ती बसली. रुमाल मात्र आपसूक तोंडाकडे जात राहिला.

"दे तो इकडे," वन्सं म्हणाल्या, आणि त्याच रुमालाने त्यांनी चहाचं पातेलं उतरवलं.