दाताच्या डॉक्टरांचं एक मत

अध्यक्षबाईंची बॅग भरून बावीस दिवस झाले होते आणि ती नगरपालिकेच्या कचेरीत कपाटाला टेकून उभी होती. या खेपेला बाई निवडणुकीला उभ्याच राहिल्या नव्हत्या. मुलीचे दिवस भरत आले होते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला बाईंनी अर्थसंकल्पाच्या सभेपायी दांडी मारली होती, आणि मुलगी पाच वर्षं त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं. या वेळी तिने फोनवर एवढंच विचारलं, "आई, नक्की येतेस ना?" आणि बाई नक्की म्हणून बसल्या होत्या.

निकालाने घात केला. नऊ नगरसेवक बेकरीवाल्याचे, नऊ वकिलाचे आणि एकोणिसावे दाताचे डॉक्टर, ते कुणाचेच नाहीत. नियम असा की नवा अध्यक्ष बसेपर्यंत जुन्याने जागा सोडायची नाही. म्हणजे ज्यांना खुर्ची हवी त्यांना ती मिळेना आणि ज्यांना नको त्यांना ती सोडेना. बेकरीवाला म्हणे, एकूण मतं माझ्या माणसांना जास्त, तेव्हा कारभार माझा. वकील म्हणे, दाव्याचं पत्र आधी मी दिलं, तेव्हा कारभार माझा. दोघे रोज सकाळी येऊन बाईंच्या टेबलाच्या दोन टोकांना बसत आणि एकाच शिपायाला दोन उलटी कामं सांगत. शिपाई शहाणा होता. तो एकही करत नसे.

एक पळवाट होती. अध्यक्षाला गावाबाहेर जायचं असेल तर कुठल्याही नगरसेवकाकडे लेखी कारभार सोपवता येई, त्याने सही केली की झालं. पण बेकरीवाल्याकडे सोपवावा तर वकील कोर्टात जाणार, आणि वकिलाकडे सोपवावा तर बेकरीवाला दारात आडवा पडणार. राहता राहिले डॉक्टर.

आणि डॉक्टरांची तर नुसती चंगळ चालली होती! मताविषयी ते घरी कुणाला भेटत नसत. भेटायचं तर दवाखान्यात, नंबर लावून. झालं, अठराच्या अठरा नगरसेवकांचे दात एकदम दुखायला लागले. पण त्या खुर्चीत आडवं झालं की तोंडात आरसा, कापूस आणि नळी. मनधरणी करणार कशी, कपाळ? बोलायचे ते डॉक्टरच. गावाचं कुठे काय चुकतंय हे तासतासभर ऐकवायचे आणि समोरचा बिचारा 'आँ आँ' करत मान डोलवायचा. वकिलाने तर जास्त वेळ मिळावा म्हणून चांगली धडधाकट दाढ उपटून घेतली. शेवटी हात धुता धुता डॉक्टर सगळ्यांना एकच सांगायचे, विचार करतो.

तेविसाव्या दिवशी बाईंनी नंबर लावला. कवळी काचते म्हणाल्या, आणि काढून डॉक्टरांच्या हातात दिली. कवळी नसली की बाईंचं बोलणं घरच्यांनासुद्धा कळत नसे, त्यामुळे तेवढा वेळ डॉक्टरांनी गटारांवर व्याख्यान दिलं. मग कवळी घासून झाली, बाईंनी ती बसवली, आणि त्या दवाखान्यात कित्येक दिवसांनी पेशंट बोलायला लागला.

"डॉक्टर, अख्खं गाव तुमच्यापुढे तोंड वासून बसलंय," त्या म्हणाल्या. "कारभारी तुम्हीच आहात. फक्त कागदावर नाही."

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कष्ट पडतात म्हणे. डॉक्टर पहिल्या फांदीवर आधीच बसलेले होते, बाईंनी नुसता हात दिला. पर्समधून कारभार सोपवल्याचा कागद निघाला, सही झाली. बेकरीवाला आणि वकील, दोघांनाही वाटलं की 'विचार करतो' म्हणाले म्हणजे डॉक्टर आपलेच, म्हणून दोघेही गप्प राहिले. बाई दुपारच्या बसमध्ये बसल्या.

बाळ तिसऱ्या दिवशी झालं. कळा येत होत्या तेव्हा मुलीने आईचा हात असा आवळला होता की बोटातली अंगठी रुतली. बाई रडल्या, आणि मुलीने त्यांना रडू दिलं.

बाळ पाच दिवसांचं झालं तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. गटारवाले, दिव्याच्या खांबावाले, शेजाऱ्याच्या भिंतीवाले, सगळे दवाखान्यात येऊन त्याच खुर्चीत बसत होते. आरसा बघितला की ओठ घट्ट मिटत आणि आरसा बाजूला केला की तासतासभर बोलत. डॉक्टर उभ्या उभ्या 'आँ आँ' करत मान डोलवत होते. बाई, परत या, ते काकुळतीला येऊन म्हणाले. बाईंनी आठवण करून दिली, की त्यांचं ते एक मत पडलं की ते मोकळे.

"मग कुणाला देऊ, तेवढं तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल त्याला देतो."

बाईंनी कवळी काढून पाण्याच्या पेल्यात टाकली, फोन तोंडाशी धरला आणि आपलं संपूर्ण मत कारणांसकट त्यांना सांगितलं. त्यात जराही आडपडदा ठेवला नाही.

"आँ?" डॉक्टर म्हणाले. बाईंनी फोन ठेवला.

पलंगावर मुलगी पोट धरून हसत होती. हसू आवरल्यावर तिने विचारलं, "आई, खरं काय सांगितलंस त्यांना?"

बाईंनी कवळी नीट बसवली.

"हेच, की लोक ते मत मागायला त्यांच्याकडे आले होते. माझ्याकडे नाही." मग त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं.