सालीच्या पिशवीत भेसळ नाही

मी बटाट्याच्या सालीची पिशवी बोलतेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. रंग चहाच्या डागासारखा, उंची वीतभर, वास ओल्या पुठ्ठ्याचा. देखणी नाही मी, आणि तसं दिसावं म्हणून कधी झुरलेही नाही. पण मी प्लास्टिक आहे. तापवलं की मऊ होते, ताणलं की ताणली जाते, कडा चिकटवल्या की चिकटतात. फक्त माझं माहेर खनिज तेलात नाही, बटाट्यात आहे.

मला घडवणारी मुलगी पीएचडी करत होती. उगवणाऱ्या, पुन्हा पिकणाऱ्या गोष्टींपासून प्लास्टिक करायचं आणि त्यातून रोपांसाठी पिशव्या बनवायच्या, हा तिचा विषय. संस्थेच्या कँटीनमधून ती बादली भरभरून साली उचलून आणायची, म्हणून प्रयोगशाळेत तिचं नाव पडलं सालवाली.

"सालवाली, आज जेवायला काय?"

"आहे ना, पण तुम्हाला पचायचं नाही," ती म्हणायची आणि साली धुवायला बसायची.

साली वाटायच्या, पाण्यात बसू द्यायच्या, तळाशी जमलेला पांढरा स्टार्च घ्यायचा. त्यात ग्लिसरीन घालून खळीसारखं दाट होईपर्यंत ढवळायचं, काचेवर ओतायचं, वाळवायचं. माझ्या आधीच्या बहिणींपैकी कुणी वाळक्या पानासारख्या मोडल्या, कुणाला बुरशी धरली. मी मात्र काचेवरून सरळ, न फाटता सुटले. तिने मला उजेडासमोर धरलं, दुमडलं, तापल्या सळईने कडा चिकटवल्या आणि त्याच दिवशी घरी नेलं.

घरी बाबा होते, तिचे वडील. ते बादल्यांच्या कारखान्यात मशीन चालवत. प्लास्टिकचे दाणे ओतायचे, तापवायचे, साच्यात दाबायचे की बादली बाहेर. उभा जन्म त्यातच गेलेला.

"हे काय? वाळलेलं कातडं?"

"प्लास्टिक आहे, बाबा. सालीचं."

त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि नळाखाली धरलं. पाणी पोटात जाताच माझे हातपाय गळाले. तळाची शिवण उसवली आणि सगळं पाणी त्यांच्या पायावर.

"माझी बादली असं करत नाही."

"तुमची बादली नातवंडांच्या नातवंडांना पुरेल, बाबा. फुटली तरी तुकड्यातुकड्यांनी पुरेल."

बाबांचा चेहरा उतरला. "त्याच बादल्यांवर तू शिकलीस. आता आमच्याच पोटावर पाय द्यायला निघालीस?"

तिने फरशीवरचं पाणी पुसलं आणि ताटं वाढली. मी टॉवेलशेजारी दोरीवर चिमट्याला लटकत वाळत होते आणि मनात म्हणत होते, एकदा पडले, म्हणून काय झालं?

तिनेही हार मानली नाही. माझी शिवण पुन्हा चिकटवली, जवसाचं तेल गरम करून माझ्यावर पातळ हात फिरवला. ते सुकून वर साय धरावी तसा थर बसला. मग संस्थेतल्या नळाखाली मला पुन्हा धरलं. या खेपेला मी थेंब सांडला नाही. तिने मला आपल्या टेबलावरच्या फळ्याला टाचणीने अडकवलं. तिथून मला सगळी प्रयोगशाळा दिसायची.

एके दिवशी सरांबरोबर, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांबरोबर, एका कंपनीचे साहेब आले. प्रयोगशाळेतला गरम प्रेस, तापवून दाबायचं मशीन, त्यांच्याच कंपनीने दिलेला. साहेबांनी मला दोन बोटांत धरून ओढलं.

"रोपंबिपं ठीक आहे. आम्हाला बाजारहाटाला चालेल अशी हवी. वर्षभर टिकणारी."

ते गेल्यावर सर म्हणाले, "थोडं साधं प्लास्टिक मिसळून बघ. साली आहेतच की आत. म्हणायला सालीचीच पिशवी."

सर वाईट माणूस नव्हते. प्रयोगशाळा चालवायची म्हणजे किती जणांची मर्जी सांभाळावी लागते, हे त्यांनाच ठाऊक. तिने मिसळून पाहिलं. पिशवी झाली गुळगुळीत, चकचकीत, दणकट. माझ्या शेजारीच तिला अडकवलं. मी नाक मुरडलं. थोडा हेवाही वाटला, नाही कशाला म्हणू?

मग तिने दोन्ही तऱ्हेच्या पिशव्या कुंड्यांमध्ये पुरल्या. काही महिन्यांनी माती चाळली. माझ्या जातीच्या पिशव्यांचा मागमूस नव्हता. दुसऱ्या कुंडीतल्या मिसळलेल्या पिशवीतली साल मातीने खाल्ली होती, पण चाळणीवर कापलेल्या नखांएवढे तुकडे उरले होते. ते कागदावर घेऊन ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, ही पिशवी कुजली नाही. नुसती दिसेनाशी झाली."

सरांनी चष्मा काढून पुसला. "हा प्रयोग प्रबंधात नको. कंपनीला मी काय सांगू?"

"चाळणीवर जे राहिलं ते सांगा."

"पदवी लांबेल तुझी."

"लांबू दे, सर. भेसळीवर मला डॉक्टर व्हायचं नाही."

टाचणीला लटकलेली असूनही मी त्या क्षणी ताठ उभी होते.

कंपनीने टेंपो पाठवला आणि प्रेस उचलून नेला. फरशीवर एक स्वच्छ चौकोन तेवढा राहिला. काचेवर एकेक ओतून आता भागणार नव्हतं; प्रबंधासाठी अजून कितीतरी पिशव्या प्रेसवर दाबून तपासायच्या होत्या, आणि दाबायचं कशावर? येणारे-जाणारे त्या चौकोनाला वळसा घालून जायचे, जणू तिथे कुणी झोपलंय. सर तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

तिने घरी सांगितलं. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. दोन-चार दिवसांनी कामावर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "मालकाला विचारलंय. कोपऱ्यात जुना प्रेस पडून आहे. सुट्टीच्या दिवशी ये."

ती दारापर्यंत धावत आली.

"मला पटलंय असं समजू नकोस. पण माझ्या मुलीसमोरून कुणी मशीन उचलून नेलेलं मला चालत नाही."

नमुना म्हणून मीही पर्समधून गेले. बंद कारखान्यात दोघंच. पहिली पिशवी करपली, दुसरी साच्याला चिकटली. बाबा प्रेसचा दांडा ओढायचे, ती उष्णतेच्या काट्याकडे बघायची. सगळीकडे भाजलेल्या बटाट्याचा वास सुटला.

"बादल्यांनी कधी भूक लावली नव्हती," बाबा म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी बापलेक एकत्र हसले. पुढच्या कितीतरी सुट्ट्या तशाच गेल्या आणि प्रबंध पुरा झाला.

तोंडी परीक्षेला मी टेबलावर होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला उचललं.

"दुकानातून सामान आणायला चालेल?"

"नाही, सर."

"ओल्या मातीत किती टिकते?"

"एक हंगाम."

"एवढीच? मग उपयोग काय?"

"रोपही एकच हंगाम पिशवीत राहतं, सर. त्यानंतर पिशवी फाडून फेकतात आणि ती उरते. ही उरत नाही. हा हिचा दोष नाही, हेच हिचं काम आहे."

परीक्षकांनी पानं उलटली. "हे भेसळीच्या पिशवीचं प्रकरण. मार्गदर्शकांना मान्य आहे?"

तिने सरांकडे पाहिलं नाही. सर मात्र उठून उभे राहिले.

"मला ते नको होतं," ते म्हणाले. "पण ते खरं आहे. राहू द्या."

पदवी मिळाली. कंपनी परत आली नाही, आणि सरांना अजून नवा प्रेस मिळालेला नाही. ती आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या प्रयोगशाळेत साली धुते.

आणि मी? मला बाबांनी मागून घेतलं. "बघतो, खरंच जाते का," म्हणाले. माझ्यात माती भरली, लिंबाचं रोप लावलं आणि पिशवीसकट दाराशेजारच्या जमिनीत पुरलं. आता माझा तळ गेलाय. एक मूळ माझ्या कुशीतून आरपार बाहेर पडलंय. दुखत नाही. काल बाबांनी बोटाने माती उकरली, माझा एक तुकडा लागला, तो चिमटीतच विरला. मग त्यांनी फोन लावला.

"तुझी पिशवी काही सापडत नाही बुवा," ते म्हणाले. आवाज तक्रारीचा होता, पण बोटावरची माती ते हळूहळू चोळत होते.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझं नाव लावून कुणी चकचकीत पिशवी विकायला आला, तर ती मातीत पुरा आणि हंगाम संपल्यावर चाळणी घेऊन बसा. मला मात्र शोधू नका. मी सापडणार नाही.