भागाबाईच्या पोटातली मेंढी

दर रविवारी कडू खाटीक निंबाखाली मेंढी कापतो. कलेजीवर पाण्याचे फुगे निघाले की तेवढा तुकडा कुत्र्यांपुढे फेकतो. "असलं आपण खात नाई," म्हणतो. गिऱ्हाईक खूश.

उन्हानं केळीची पानं कडेनं करपली.

भागाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. एकोणतीस वर्षांत तिनं अंडंसुद्धा हातात धरलेलं नाही.

दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मंदिरात पंगत. मांडे भागाबाईचेच. हातावर कणीक अशी फिरवते की मांडा उपरण्याएवढा होतो.

दुपारी ओट्यावर बसून ती गल्लीतल्या कुत्र्यांना शिळी पोळी चारते, अंगावरून हात फिरवते, त्याच हातानं शेंगदाणे तोंडात टाकते.

फाल्गुनात जिल्ह्याच्या गावी, लालबागच्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली.

भागाबाईचं पोट दुखायचं म्हणून मुलगा ललित तिला घेऊन गेला होता. लिव्हरमध्ये पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, मेंढ्यांतून फिरणाऱ्या जंताची आहे, ऑपरेशन करा. येताना बसमध्ये ललितनं हे फोनवर बायकोला सांगितलं. त्या बसमध्ये आमच्या गावचे सात जण होते. खकनारचा थांबा यायच्या आत भागाबाईनं अख्खी मेंढी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी मंदिराच्या पारावर माणसं जमली. भजनी मंडळाचे सदाशिवबुवा म्हणाले, "माळ घालून मटण, भागाबाई? यंदा मांडे दुसरं कोणी करीन."

"मी खाल्लं? कोणी पाह्यलं?"

"रिपोर्टनं पाह्यलं."

"बुवा, खाने से नहीं होता, डॉक्टर बोले," ललित म्हणाला. "कुत्र्यापासून व्हते."

"कुत्रं मटण खाते, तुही माय कुत्र्याले पोळी चारते. म्हंजे पंगत तं एकच झाली ना!"

भागाबाई उठली. "आधी गाव मह्या हातचे मांडे खाईन, मंग मी ऑपरेशनले जाईन. नाई तं ही गाठ घेऊनच सरणावर चढते."

"माय, पोटात फुटली ना ती, तं खल्लास!"

"फुटू दे. बुवाच्याच दारात जाऊन बसते."

ललित घाबरला. खकनारहून ढोरांच्या डॉक्टरीणबाईंना, प्रतिभाताईंना, घेऊन आला. त्यांनी पारावर समजावलं. मेंढीच्या कलेजीतले फुगे कुत्रं खातं, त्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, तिथून आपल्या हातावर, भाजीवर. तोंडात गेली की माणसाच्या पोटात गाठ. मटण खाल्ल्यानं ही गाठ होत नाही.

"म्हंजे मटण खाणारा सेफ, न् माळकरी डेंजरमध्ये?" गर्दीतल्या एका पोरानं, निलेशनं, विचारलं.

"हात न धुणारा डेंजरमध्ये."

गावानं निलेशचंच ऐकलं. पुढच्या रविवारी कडूकडे दुप्पट गर्दी.

कडू मात्र हिरमुसला होता. "मॅडम, मी खराब माल गिऱ्हाइकाले कधी देला नाई."

"दिलास की. कुत्र्याच्या हातानं. आता असली कलेजी खोल खड्ड्यात पुरायची."

प्रतिभाताईंनी कुत्र्यांसाठी जंताच्या गोळ्या दिल्या. कोणी घेईना. भागाबाईनं त्या पदरात बांधल्या. गावात तिच्यासारखा मांडा कोणाच्या हातून उतरत नव्हता. दुसऱ्या दोघी बायांनी करून पाहिला, गोधडी झाली. अखाजी परवावर आली तेव्हा सदाशिवबुवाच तिच्या दारात गेले.

"झालं गेलं सोडा, बाई."

"सोडलं. पण ज्याच्या दारचं कुत्रं मह्यासमोर गोळी खाईन, त्याच्याच पानात मांडा."

अखाजीला मंदिरामागं कुत्र्यांची रांग लागली. कोणी दोरीनं बांधून, कोणी कडेवर. भागाबाईनं मांड्याच्या तुकड्यात गोळी गुंडाळून एकेकाला भरवली, साबणानं हात धुतले आणि मग माणसांकडे वळली. बुवा पहिल्या पंगतीला बसले. आमरसाबरोबर चार मांडे खाल्ले, ढेकर दिला, म्हणाले, "हात तो हात."

संध्याकाळी पिशवी घेऊन ती ललितच्या गाडीवर बसली. "चाल आता, काप म्हणा पोट."

सदाशिवबुवांच्या लिव्हरमध्ये तशीच गाठ पौषातच, भागाबाईच्या दोन महिने आधी, निघाली होती; तो रिपोर्ट त्यांनी कोणाला दाखवला नव्हता.