याशवोच्या दुकानातला लाल फ्रीज

मी एक जुना, लाल रंगाचा, काचेच्या दाराचा फ्रीज आहे. जुना म्हणजे अगदीच निकामी. माझे दार निखळले आहे, दिवा गेला आहे, आणि शहराबाहेरच्या ज्या भंगारवाड्यात मी पडून आहे तिथली एक तांबडी कोंबडी माझ्या खालच्या फळीवर अंडी घालते. तिचे माझ्याविषयी काही वाईट मत नाही. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकल्यावर तुमचे होईल. तरी मी ती सांगणार आहे, कारण ती पुरती ठाऊक असलेले आम्ही दोघेच आहोत, आणि ती दुसरी व्यक्ती तोंड उघडणार नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. मला आतून पांढरा रंग दिला, बाहेरून लाल दिला, आणि कपाळावर कोल्ड्रिंकच्या एका कंपनीचे नाव लिहिले. ते नाव मी सांगत नाही. जन्मतःच कपाळावर दुसऱ्याचे नाव लिहिले गेले की पुढे आपले फारसे काही चालत नाही, एवढेच सांगतो.

मग ट्रकमधून तीन दिवस हाडे खिळखिळी करून घेत मी देशाच्या दक्षिणेकडच्या चियापास प्रांतातल्या डोंगरात, याशवो नावाच्या पाड्यावर पोचलो. तिथे काताल नावाच्या बाईचे लहानसे दुकान होते. मेणबत्त्या, साबण, मीठ, काड्यापेट्या असा तिचा पसारा. कंपनीचा माणूस एफ्राइन याने मला ट्रकमधून उतरवले आणि म्हणाला, "घे ताई. फुकटात फ्रीज. वीज तेवढी तुझी."

कातालने मला वरून खालून न्याहाळले. "फुकट कुणी काही देत नाही, एफ्राइनभाऊ. अट सांग आधी."

"अट एकच. यात फक्त आमच्याच बाटल्या राहायच्या. टोमॅटो नाही, मटण नाही, तुझ्या घरचं काहीही नाही."

"आणि ठेवलं तर?"

"तर मी येतो आणि हा घेऊन जातो. वरून हुकूम आहे, माझ्यावर चिडू नकोस."

याशवोत त्याआधी कुणी फ्रीज पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी सगळा पाडा लोटला. म्हातारे माझ्या काचेला बोट लावून बघत आणि हात झटकत. कातालची चार वर्षांची मुलगी लोशा हिने तर आपला गाल काचेला लावला तो काढेचना. मला तेव्हा फार अभिमान वाटला. एवढे प्रेम कारखान्यात कुणी केले नव्हते.

आणि कौतुकही खोटे नव्हते. पाड्यावर नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येई, तेही गढूळ. माझ्यातली बाटली स्वच्छ, थंड आणि पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त. शिवाय पूर्वी पाहुण्याला, पंचांना, सोयरिकीला उसाची दारू द्यावी लागे. तिच्या जागी आता माझ्या बाटल्या आल्या. भांडण मिटले की दोन बाटल्या, मुलगी मागायला गेले की चार खोकी. पुरुष दारू सोडून गोड पाणी पिऊ लागले म्हणून बायका मला दुवा देत. प्रार्थना करून आजार काढणारी वेरुच आजीसुद्धा मेणबत्त्यांसमोर बाटली ठेवू लागली. ती रोग्याला ती बाटली प्यायला लावी, आणि ढेकर आली की म्हणे, "गेलं बघ बाहेर." मी देवकार्यातही शिरलो होतो. माझी छाती किती फुगली असेल, तुम्हीच सांगा.

माझ्या शेजारी लवकरच एक तारेचा स्टँड आला. तिखट वेफर्स, पाकिटातले केक, गरम पाणी ओतून खायच्या कपातल्या नूडल्स. आमची जोडी चांगली जमली. त्याने तहान लावायची आणि मी भागवायची. लोशाची आई दिवसभर दुकानात, म्हणून लोशाचे जेवणही दुकानातच होई. घरात मक्याच्या भाकऱ्या आणि काळा घेवडा शिजलेला असे, पण तो कोण खाणार? सकाळी केक, दुपारी नूडल्स, मधे वेफर्स, आणि या सगळ्यावर मी. तिचे दुधाचे दात काळे पडून गेले. काताल हसून म्हणे, "पडायचेच होते, नवे येतील." नवे आले, तेही किडले.

लोशा गुटगुटीत झाली, मग जाड झाली. पाड्यावर याला कुणी वाईट म्हणत नसे. भरल्या अंगाची पोर म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. शेजारणी कातालला म्हणत, "तुझं काय बाई, दुकानवाली. आमच्या पोरी बघ, काटक्या." काताल खूश होई.

चौदाव्या वर्षी लोशाच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर पट्टा उमटला. कातालला वाटले मळ आहे. दर रविवारी ती लेकीला अंगणात बसवी आणि खरबरीत दगडाने तिची मान घाशी.

"आई, सोलशील मला."

"गप बस. लोक म्हणतील काताल पोरीला अंघोळ घालत नाही."

"रोज करते की मी."

"मग हा काय आकाशातून पडला?"

मान लाल व्हायची आणि पट्टा तसाच राहायचा. मित्रांनो, तो मळ नव्हता. अंगातली साखर हाताबाहेर चालल्याची ती खूण होती. तुमच्या घरात कुणाच्या मानेवर किंवा काखेत असा पट्टा दिसला तर घासत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. हे मला तेव्हा ठाऊक असते तरी मी काय सांगणार होतो? मला फक्त घुरघुरता येते.

लोशा मागावर फार सुरेख विणायची. याशवोत मुलगी सतराची झाली की सान हुआन या संताच्या जत्रेत स्वतः विणलेला कुडता घालून जाते, आणि त्या कुडत्यावरून तिला जन्मभर ओळखतात. लोशाने तिचा लाल-पांढरा कुडता वर्षभर आधी मागावर चढवला. नक्षी धाग्यांच्या हिशेबाने बसते, एक धागा चुकला की सगळी ओळ उसवावी लागते. आणि लोशा चुकू लागली. तिला धागे धूसर दिसत. ती सारखी उठून लघवीला जाई, आणि परत येताना माझे दार उघडून बाटली घेई. एका घोटात संपवी आणि अर्ध्या तासाने पुन्हा येई.

"केवढी तहान गं ही," काताल म्हणाली. "पी, पी. गरमी झाली असेल."

वेरुच आजीला बोलावले. तिने लोशाची नाडी पाहिली आणि म्हणाली, "ओढ्यावर भ्यालीय पोर. जीव तिथेच राहिलाय हिचा." तिने मनापासून प्रार्थना केली, म्हातारे गुडघे टेकून तासभर. आणि लोशाला तीन बाटल्या पाजल्या. तिन्ही माझ्यातल्या. चौथ्या दिवशी लोशा मागावरच कोसळली.

शहरातल्या दवाखान्यात ती आठ दिवस होती. परत आली ती निम्मी होऊन, एका हातात सुयांची पिशवी आणि दुसऱ्या हातात इन्सुलिनच्या कुप्यांचा डबा. सोबत नोएमी नावाची नर्स आली होती, जिला आमच्यासारख्या अकरा पाड्यांवर एकटीने फिरावे लागे.

"काताल, नीट ऐक," नोएमी म्हणाली. "दोन वेळा सुई. गोड बंद, पाकिटं बंद, बाटल्या तर मुळीच नाहीत. आणि हे औषध गार ठेवायचं. पण गोठू द्यायचं नाही. कुठे ठेवशील?"

कातालने माझ्याकडे पाहिले. अख्ख्या पाड्यावर मी एकटाच होतो.

नोएमीने स्वतः डबा माझ्या खालच्या फळीवर, अगदी दाराशी ठेवला. मित्रांनो, बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात काहीतरी कामाचे आले. मी त्या डब्याला किती जपले, ते मला कुणाला पटवता येणार नाही.

पुढच्या मंगळवारी एफ्राइन आला. दार उघडताच त्याला डबा दिसला.

"ताई, हे काय?"

"लोशाचं औषध आहे."

"अगं, साहेब तपासणीला आले तर माझी नोकरी जाईल, आणि हा फ्रीजही जाईल."

"मग कुठे ठेवू? चुलीवर?"

 एफ्राइनलाही मुली होत्या. त्याने टोपी काढून डोके खाजवले आणि म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. पण असं दारात नको. पार मागे सरकव, बाटल्यांच्या आड. दिसायला नको म्हणजे झालं."

त्याने स्वतःच्या हाताने डबा मागच्या पत्र्याला टेकवून ठेवला आणि पुढे बाटल्यांची रांग लावली. माझ्या अंगात सगळ्यात जास्त थंडी त्या पत्र्यात असते. एरवी ती सोसण्याजोगी असे, म्हणून काही बिघडले नाही.

ते चार महिने मी विसरणार नाही. लोशा बाटलीकडे बघत नसे. सुरुवातीला तिच्या मैत्रिणी चिडवत, "दुकानवालीची पोर आणि पाणी पितेय." ती म्हणे, "तुम्हीच प्या माझ्या वाटची. दात पडले की मी बोळक्यांना भाकरी कुस्करून देईन." ती उकळलेले पाणी पिई, पोसोल हे मक्याचे पेय साखर न घालता घेई, रानातली पालेभाजी खुडून आणी. स्वतःची सुई स्वतः टोचू लागली. डोळे निवळले. तिने चुकलेल्या सतरा ओळी उसवून पुन्हा विणल्या. मानेवरचा पट्टाही फिका होऊ लागला, दगड न लावता. नोएमीने तिला तपासले आणि कातालला म्हणाली, "अशी शहाणी पोर मला अकरा पाड्यांत सापडली नाही." काताल दुकानात येऊन रडली. आनंदाने रडली, मी पाहिले.

मग जत्रा आली. जत्रेच्या आधी एफ्राइन दर वर्षी जे करी तेच त्याने केले. माझ्या माथ्यावरची थंडीची चकती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली. डोंगर चढून आलेल्या माणसाला बाटली बर्फागत लागली पाहिजे, ही त्याची जुनी शिकवण. डब्याची त्याला आठवण राहिली नाही. कातालला चकतीचे काही कळत नव्हते.

मी थांबू शकलो नाही. थंडी माझ्यातूनच निघत होती आणि मलाच ती आवरता येत नव्हती. मागचा पत्रा पांढरा झाला, आणि त्याला टेकलेल्या कुप्या एकेक करून गोठल्या. लोशाने नवा कुडता घातला होता. ती माझ्या काचेत स्वतःला बघून गेली, मागे वळून पुन्हा बघून गेली. जत्रेच्या दोन दिवसांत ती जुनी, बाहेर काढून ठेवलेली कुपी वापरत होती. जत्रा संपली, एफ्राइनने चकती मागे फिरवली, कुप्या वितळल्या. वरवर होत्या तशाच दिसत होत्या.

तिसऱ्या दिवशी लोशाने त्यातली पहिली कुपी उघडली.

औषध मेले होते. ती दोन्ही वेळा नेमाने सुई टोचत राहिली आणि तिच्या अंगात काहीच पोचत नव्हते. आठवड्याने तहान परत आली. मग ओकाऱ्या, मग जड श्वास. "सुई चाललीय ना गं?" काताल विचारी. "चाललीय, आई." म्हणून काताल एक दिवस थांबली. सुई चालली आहे, मग कशाला घाबरायचे?

मंगळवार होता. एफ्राइनने लोशाला पाहिले आणि अर्धा ट्रक रस्त्याकडेला रिकामा केला, खोक्यांमधे घोंगडी टाकून तिला निजवले. ते शहरात पोचले, पण लोशा वाटेतच गेली होती. सतरा वर्षांची.

मयताला आलेल्यांना बाटली द्यावी लागते. नाही दिली तर मेलेल्याचा अपमान होतो. काताल माझे दार उघडत राहिली, एकेक बाटली काढून देत राहिली, आणि मी त्या थंड करत राहिलो. मला त्या दिवशी बंद पडायचे होते. पण माझी यंत्रे चांगली होती.

दोन दिवसांनी नोएमी आली. उरलेली कुपी तिने उजेडात धरली, हलवली. आत पांढरे कण तरंगत होते, ते विरघळेनात. तिने हात आत घालून मागच्या पत्र्याला लावला आणि तसाच ठेवला.

"इथेच होतं का, काताल?"

"हो. एफ्राइनभाऊ म्हणाला मागे ठेव. पण गार होतं, नर्सबाई. एकदम गार. जत्रेत तर बर्फासारखं." कातालने तिच्याकडे पाहिले. "माझं काही चुकलं का?"

नोएमीने कुपी एप्रनच्या खिशात टाकली. "नाही," ती म्हणाली. "तू सगळं बरोबर केलंस."

ते खोटे होते, आणि त्याहून दयाळू बोलणे मी कधी ऐकले नाही.

दुखवट्याचा नववा दिवस झाल्यावर शेजारची सहा वर्षांची तुमिना नाणे घेऊन आली. "मावशी, एक लाल बाटली."

काताल माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "संपल्या."

"दिसतायत की. केवढ्या आहेत."

"संपल्या म्हटलं ना." तिने तुमिनाला स्टुलावर बसवले, आतून पोसोलची वाटी आणली आणि ती पीत असेपर्यंत तिची मान मागून निरखून पाहत राहिली.

त्यानंतर तिने कुणालाच बाटली विकली नाही. महिन्याने कंपनीने मला परत बोलावले. एफ्राइन मला ट्रकवर चढवून घेऊन गेला.

मित्रांनो, आमची निगा राखा असे माझ्यासारखी जुनी माणसे आणि यंत्रे शेवटी सांगतात. माझी निगा राखू नका. मी त्याला लायक नाही. तुम्ही स्वतःची राखा, आणि मोठ्यांना एक प्रश्न विचारा. याशवोत बाटल्या थंड करणारा फ्रीज आला, त्याला आता सोळा वर्षे झाली. औषध ठेवायचा फ्रीज अजून आलेला नाही.