आदेशला वगळून

आदेशने जळकी कॉइल चिमट्याने ओढून काढली आणि खांदा व कान यांच्यात दाबून धरलेल्या मोबाइलला तिसऱ्यांदा आपली जन्मतारीख सांगितली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "धन्यवाद सर, कृपया लाइनवर राहा." मग पुन्हा तेच संगीत सुरू झालं.

गडचांदूरच्या बसस्टँडमागे त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये पडदा. रस्त्यावरून सिमेंटच्या गाड्या जात-येत राहायच्या आणि काउंटर कितीदाही पुसला तरी त्यावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटरी भिंतीशी ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर खडूने मालकाचं नाव.

"सर, आपला प्रस्ताव कंपनीच्या अंतर्गत निकषांनुसार स्वीकारता आलेला नाही."

"कोणता निकष?"

"ते मला इथे दिसत नाही सर."

"मंग कोणाले दिसते?"

"सर, ते संबंधित विभागाकडे असतं."

"म्याडम, सात वर्सं झाले, मी एक दिवस दवाखान्यात भरती नाई. गोळी रोज घेतो. तीन महिन्यानं रक्त तपासतो. डॉक्टरनं लिवून देल्लं, ते तुमाले पाठवलं. कायदा म्हणते का मनाच्या बिमारीले बाकी बिमारीसारखाच विमा द्या लागते. मंग मले निकष सांगा ना."

"सर, आपण आधी शांत व्हा."

तो शांतच होता. निदान तोवर तरी होता. त्याने चिमटा खाली ठेवला.

"मी शांतच आहो!"

पडदा सरकला. त्याची बायको दीपाली दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. तिने नुसतं पाहिलं. आधी त्याच्या डोळ्यांकडे, मग हातांकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. किती वेळ बोलतोय, किती भराभर बोलतोय, रात्री किती झोपला, हा सगळा हिशोब त्या नजरेत असायचा. आदेशने फोन कट केला.

"राग आला फक्त," तो म्हणाला.

"मी काई म्हटलं का?" असं म्हणून ती आत गेली.

नऊ वर्षांपूर्वी त्याला राग आला नव्हता, उलट फार आनंद झाला होता. चार रात्री तो झोपलाच नाही. दुकानातल्या सगळ्या मोटरी एकाच वेळी खोलून बसला, तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याची मोटर फुकटात भरून देतो म्हणाला, आणि पाचव्या दिवशी चपला न घालता माणिकगडच्या रस्त्याने चालत निघाला. गिट्टीच्या गाडीवाल्याने त्याला परत आणलं. पुढे नागपूरचा दवाखाना, बावीस दिवस. त्यानंतर कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. बायपोलर, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. लोकांना मात्र घरच्यांनी टायफॉइड सांगितलं.

ते टायफॉइडच महागात पडलं. टायफॉइडची गोळी कोणी दोन-दोन वर्षं घेत नाही. म्हणून आदेश लिथियमची पाकिटं वार्निशच्या रिकाम्या डब्यात लपवायचा, कोणी दुकानात असलं की घ्यायची राहून जायची, आणि राहता राहता सुटली. पुन्हा नागपूर. तिथून आल्यावर त्याने गोळ्यांची डबी काउंटरवर, पेचकस-पान्यांच्या शेजारी ठेवली. कोणी विचारलं तर नाव सांगायचा. तेव्हापासून त्याचं गाडं रुळावर होतं.

विम्याचं मनात आलं ते मागच्या पावसाळ्यात, दीपालीला डेंग्यू झाला तेव्हा. प्लेटलेट उतरत गेल्या. सरकारी योजनेच्या कार्डावर ज्या दवाखान्यात सोय होती तिथे खाट रिकामी नव्हती, आणि जिथे खाट होती तिथे कार्ड चालत नव्हतं. ती वाचली, पण त्या दहा दिवसांत आदेशचं वाइंडिंग मशीन विकलं गेलं. आता तो हाताने वेढे मोजत मोटरी भरत होता. सहावीतल्या लेकीला, दिव्यानीला, रात्री खोकला आला तरी आदेश उठून बसायचा.

एजंट होते हाफिजभाई. चपलांचं दुकान सांभाळून विम्याचं काम करायचे. सज्जन माणूस. पहिला अर्ज भरताना मानसिक आजाराच्या रकान्याशी त्यांनी पेन थांबवलं होतं.

"आदेशभाऊ, ये खाना है ना, इसको 'नहीं' कर देते. कोन पाहाले येते? आधा गाव ऐसेच भरता है."

"नाई हाफिजभाई. लिवा. बायपोलर. सात वर्सं झाले, ठीक आहो, हेबी लिवा."

"मग मंजूर नहीं होगा, मैं बता रहा हूँ."

"उद्या काई झालं आन त्यायनं जुनं उकरून काढलं तं? हप्तेबी गेले आन विमाबी गेला."

हे कारण खरंच होतं. पण त्याहून मोठं कारण वार्निशच्या डब्यात होतं आणि ते त्याने हाफिजभाईंना सांगितलं नाही.

रकाना दोन बोटं रुंद होता. त्यात 'तपशील द्या' असं छापलेलं. आदेशने बारीक अक्षरात लिहिलं, अक्षरं रेघेबाहेर गेली. पहिल्या कंपनीने आठ दिवसांत नकार दिला. दुसरीने उत्तरच दिलं नाही. तिसरीने आशा लावली. आधी डॉक्टरांचं पत्र मागितलं. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पानभर लिहून दिलं, खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. मग रक्ताचे रिपोर्ट मागितले. दिले. मग नऊ वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड मागितलं.

ते घरात नव्हतं. आदेश पहाटेच्या बसने नागपूरला गेला. रेकॉर्ड रूममधल्या माणसाने त्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, जेवणाची सुट्टी होऊ दिली आणि मग सांगितलं की पाच वर्षांआधीचे कागद गोदामात होते, गोदामात पाणी शिरलं.

"तसं लिवून द्या मंग."

"लिहून देण्यासाठी अर्ज करा. अर्जासोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा."

आदेश त्या माणसाकडे पाहतच राहिला. माणूस थट्टा करत नव्हता.

घरी परतला तेव्हा तो तावातावाने बोलत होता. खिडक्यांचं सांगितलं, गोदामाचं सांगितलं, झेरॉक्सचं दोनदा सांगितलं. दीपालीने पाण्याचा गिलास त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं,

"काल झोप झाली होती ना तुमची?"

गिलास त्याने इतक्या जोरात खाली ठेवला की पाणी सांडलं.

"चिडलो आहो मी! बिमार नाई. कोणीबी चिडन. हाफिजभाई चिडन, तू चिडशीन. तुमी चिडले तं राग, आन मी चिडलो तं बिमारी?"

कोपऱ्यात दिव्यानी गृहपाठ करत होती. तिची पेन्सिल थांबली. दीपालीने फडकं आणून पाणी पुसलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

आणि मग आज हा फोन. तिसऱ्या कंपनीचाही नकार.

दोन दिवसांनी हाफिजभाई स्वतःच दुकानात आले. स्टुलावर बसले, टोपी काढून पुन्हा घातली. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते कसं सांगावं हे त्यांना कळत नव्हतं.

"भाऊ, मी वरच्या साहेबाशी बोललो. वो लोग एक रास्ता बोल रहे. भाभी का और बिटिया का विमा करून देतात. बस... तुमाले सोडून."

"मले सोडून."

"नाराज मत हो भाऊ. दोघींचं तरी होऊन जाईन. तुमचं आपण नंतर पाहू."

आदेशने हातातल्या तांब्याच्या तारेचा वेढा पुरा केला. बेचाळीस. आकडा विसरू नये म्हणून काउंटरवरच्या धुळीत बोटाने लिहून ठेवला. मग म्हणाला, "आणा अर्ज."

दीपाली पडद्याशी उभी राहून ऐकत होती. "असं नाई करा लागत," ती म्हणाली. "भरला तं तिघायचा भरू."

"तिघायचा भरून तीनदा पाह्यलं. तुले मागच्या साली काय झालं ते मले ठाऊक आहे. पोरीचं आन तुझं होऊ दे." त्याने हात पुसले आणि प्रस्तावक म्हणून सही केली. विमाधारकांच्या यादीत दोनच नावं होती. त्याने ती दोनदा वाचली.

मंगळवारी दुपारी दीपालीला कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला. विमा देण्याआधी तब्येतीचे प्रश्न विचारतात, तो. ती मेथी निवडत होती. फोन स्पीकरवर टाकून तिने परातीशेजारी ठेवला. पडद्याच्या अलीकडे आदेश मोटरीत कॉइल बसवत होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर तरुण वाटत होता. पाठ केल्यासारखा भराभर विचारत होता.

"रक्तदाब?"

"नाई."

"मधुमेह? थायरॉइड?"

"नाई."

"कुठलं ऑपरेशन?"

"पोरीच्या वेळचं. सिझर."

"मागच्या एका वर्षात दवाखान्यात दाखल?"

"डेंग्यू झाला होता. दहा दिवस."

"ठीक. मुलीला काही आजार? औषध?"

"नाई."

"आता तुमचं. मानसिक आजार, नैराश्य, चिंता, झोपेसाठी औषध वगैरे? नाही ना?"

त्याने उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं. दीपालीने फक्त हुं म्हणायचं बाकी होतं. आदेश पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिला. पुढचा प्रश्न आला नाही.

"मॅडम? ऐकू येतंय का? नाही लिहू ना?"

"घेतो," दीपाली म्हणाली. "एक गोळी घेतो मी. झोप लागत नाई म्हणून. छातीत धडधड होते त्याच्यासाठीबी एक आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाले."

"मानसोपचार तज्ज्ञाने दिलीय?"

"हो."

फोनमधून कळफलकाचा आवाज येत राहिला. मग डॉक्टरने औषधांची नावं विचारली. तिने न अडखळता सांगितली. "ठीक आहे मॅडम, सात दिवसांत निर्णय कळवण्यात येईल," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आदेशच्या हातातली कॉइल खाचेत अर्धी बसली होती. ती तशीच सोडून तो आत आला. दीपालीने मान वर केली नाही. ती मेथीची पानं खुडत होती आणि काड्या वेगळ्या ठेवत होती.

"कोणी देल्ली?" त्याने विचारलं.

"तुमच्याच डॉक्टरीणबाईनं. तुमी खाली औषधं घ्याले गेले होते तवा. त्यायनंच विचारलं मले, तुमी कशा आहा म्हणून."

दोन वर्षं. त्याने मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. ती दोन वर्षं त्याची सगळ्यात चांगली होती. पाठ टेकली की झोप लागायची. डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली होती, पोरीला घेऊन ते तिघं मार्कंड्याच्या जत्रेला गेले होते, शेजारीपाजारी म्हणायचे, आदेशभाऊ पहिल्यासारखे झाले.

"मी तं ठीक होतो ना तवा," तो म्हणाला.

"तुमी ठीक होते." तिने परात जराशी बाजूला सरकवली, त्याला बसायला जागा व्हावी म्हणून. "मले वाटे, आता बिघडन. आता बिघडन. रात्रभर तुमचा श्वास ऐकत राहो."

तो खाली बसला. बाहेर एक गाडी गेली आणि भांड्यांची फळी थरथरली. मग आदेशच्या तोंडून जे निघालं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"नाई म्हणून टाकाले पाह्यजे होतं. तो तं स्वतःच नाई लिवत होता. तुमचं दोघींचं तरी झालं असतं."

दीपालीने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. चिडली होती ती. गालांची हाडं वर आली होती, नाकपुड्या थरथरत होत्या. इतक्या वर्षांत तिला असं चिडलेलं त्याने पाहिलं नव्हतं, की ती चिडलीच नव्हती, हे त्याला सांगता आलं नसतं.

"तुमी म्हणाले का 'नाई'? तीन अर्जात तीनदा लिवलं ना तुमी? मंग मीच काऊन खोटं बोलू?"

मोबाइल वाजला. स्क्रीनवर हाफिजभाईंचं नाव होतं. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले आणि वाजून वाजून तो थांबला.

आदेशने परातीतली एक जुडी उचलली, दोरा सोडला. पानं खुडायला लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं, काडीसकट तुटत होतं. तिने त्याला थांबवलं नाही.

"जेवणाच्या आंधी घेते का जेवल्यावर?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"तुमी झोपल्यावर," दीपाली म्हणाली.