पाचशे लिटरवाल्याचं पुढचं दार

"पुढून कसं ओळखणार? मी काय पुढून गेलोय कधी?" भर रस्त्यात हे माझ्यावरच डाफरले.

समोर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या जागी शहरातली एक नंबरची क्राफ्ट बिअर मिळायला हवी होती आणि तिच्यासोबत बोटं चाटायला लावणारं जेवण. आमची वादावादी ऐकून दुकानदार बाहेर आला.

"बार शोधताय ना? तो बंद पडून तीन वर्षं झाली."

"गेला म्हणजे तीनशे लिटरवाला," हे म्हणाले. जवळचं कुणी गेल्यासारखा चेहरा केला आणि फुटपाथवरच उभे राहिले.

आमचे हे वेल्डर. स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांचे. जागच्या जागी बिअर बनवणारे छोटे बार असतात, त्यांच्या टाक्या ह्यांच्या वर्कशॉपमध्ये बनायच्या आणि बसवायला हे जायचे. ह्या एका शहरात चार वर्षांत सहा बार केले. एकेका ठिकाणी दोन-दोन महिने मुक्काम. घरी आले की ताटावर बसल्या बसल्या तेच पुराण सुरू. तिथली बिअर अशी, तिथलं जेवण तसं, तुला एकदा नेतो. मी स्वतः सगळी नोकरी एका दवाखान्यात केसपेपर काढण्यात घालवली. "बसा, पाच मिनिटांत बोलावतील," हे मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. त्यामुळे "एकदा नेतो" म्हणजे नक्की कधी, हे मला कुणी सांगायला नको होतं.

पण गेल्या महिन्यात हे निवृत्त झाले आणि खरोखर दोन तिकिटं काढून घरी आले. सकाळच्या बसने जायचं, दुपारी निवांत जेवायचं, पाचच्या बसने परत. मी ठेवणीतले कपडे काढले, नवे सँडल घेतले. मला दुसरं काही नको होतं. ह्यांनी मला समोर बसवावं, हे खा, हे पिऊन बघ म्हणावं, आणि आम्ही दोघांनी एका टेबलावर सावकाश जेवावं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण असं जेवण एकदाही झालेलं नव्हतं.

आणि आता भर उन्हात कळलं, की ह्यांना एकाही बारचं नाव माहीत नाही.

मी मुलीला फोन लावला. तिने ह्यांना फोन द्यायला सांगितला.

"बाबा, नाव सांगा, मी रस्ता पाठवते."

"नाव नाही गं माहीत. पाचशे लिटरवाला."

"हे काय नाव आहे?"

"आम्ही तसंच म्हणायचो. तीनशेवाला, पाचशेवाला, उतारावरचा, आणि एक तो बुटक्या छताचा. तिथे टाकीचं झाकण उघडायला वर जागाच नव्हती, मग मी काय केलं..."

"बाबा, पत्ता!"

"मागच्या बोळात शिरलं की लोखंडी गेट. आत गेलं की फरशीला डावीकडे उतार, पाणी जायला."

तिने फोन परत माझ्याकडे द्यायला लावला. मग तिने ह्यांना सोडून मला सांगितलं, "आई, मी एक चांगली जागा पाठवते. साडेचार तारे आहेत. तिथे जा आणि जेवून घ्या."

चूक ह्यांची म्हणावी तर तीही धड म्हणता येत नाही. टाक्या बसतात तेव्हा बार तयारच झालेला नसतो. पुढच्या बाजूला नुसत्या विटा आणि ताडपत्री. टाक्या आत न्यायच्या त्या मागच्या गेटाने. पहिली बिअर तयार झाली की ह्यांना ती कागदी कपात मिळायची. नवा स्वयंपाकी मेनूचा सराव करायचा, तो ह्यांच्या ताटात पडायचा. पाटी लागायच्या, दिवे लागायच्या आत हे पुढच्या कामावर. म्हणजे सहा बार केले, पण गिऱ्हाईक म्हणून एकाही खुर्चीवर हे बसलेले नव्हते. हे मला त्या फुटपाथवर पहिल्यांदा कळलं. आधी कळलं असतं तर मी घरूनच डबा घेऊन निघाले असते.

साडेचार ताऱ्यांच्या जागी आत पाऊल टाकल्याबरोबर छातीत धडधडलं, इतकं मोठं संगीत. टेबलावर मेनू नव्हता, एक काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला होता. तो फोनला दाखवायचा. माझ्या फोनला तो काही दिसेना. ह्यांनी वेटरला हाक मारली.

"बिअर इथेच बनते का?"

"काय?"

"बिअर! इथेच बनते का?"

"सर, सगळी मिळते. बाटलीत."

"आणि खायला?"

त्याने तळलेल्या पाच पदार्थांची नावं घेतली. हे उठले. मी म्हटलं, "अहो, बसा ना. भूक लागलीय. बटाटे तर बटाटे."

"बटाटे खायला आलोय का आपण इथवर?"

मी मुकाट्याने उठले. माझी टाच सँडलने सोलवटली होती. पर्समधली दोन बिस्किटं काढून मी चालता चालता खाल्ली, ह्यांना एकही दिलं नाही. ह्यांनी मागितलंही नाही, कारण हे नाक वर करून हवेत काहीतरी हुंगत होते.

"वास येतोय?"

"कसला?"

"धान्य उकळतंय. चल!"

आता हे असे झपाझप निघाले की मला जवळजवळ पळावं लागलं. दोन गल्ल्या ओलांडल्यावर एक बोळ, बोळात लोखंडी गेट. ह्यांचा चेहरा असा खुलला की माझा राग निम्मा तिथेच उतरला.

"पाचशेवाला! बघ, सापडला की नाही?"

"सापडला ना? मग चला, पुढून जाऊ. जेवायला आलेली माणसं पुढून जातात."

"तू हो पुढे. चांगलं टेबल बघून बस. मी जरा मागून डोकावून येतो, कोण कोण आहे ओळखीचं. दोन मिनिटं."

दोन मिनिटं. मी हे ऐकलं आणि तरी पुढे गेले, हा माझा गाढवपणा.

पुढचं दार मात्र सुरेख होतं. जड लाकडी, पितळी मुठीचं. आत थंडावा, बेताचे दिवे, हळू आवाजात बोलणारी माणसं. मधोमध काचेची भिंत आणि काचेपलीकडे त्या टाक्या, माणसापेक्षा उंच, चकचकीत. मी काचेजवळचंच टेबल घेतलं. म्हटलं, ह्यांना आवडेल. तेव्हा पावणेदोन वाजले होते.

वेटर मुलगी हसतमुख होती. तिने छापील मेनू दिला, पाणी ओतलं. "काय घेणार, मावशी?"

"आमचे हे येतायत. आले की सांगते."

मेनूत बिअरचेच नऊ प्रकार. एक संत्र्याच्या सालीची, एक कॉफीसारखी काळी, एक म्हणे गव्हाची. खाली मंद आचेवर शिजवलेलं मटण, भट्टीतला मासा, लसणीचा गरम पाव. शेजारच्या टेबलावर तोच पाव आला होता. त्याचा वास थेट माझ्या पोटात गेला.

दोन वाजले. मी दाराकडे बघत राहिले आणि हे दिसले ते काचेपलीकडे.

बाह्या वर केलेल्या, ठेवणीतली पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि हे फरशीवर बसून टाकीच्या बुडाखाली बघताहेत. बाजूला एक दाढीवाला तरुण केविलवाण्या चेहऱ्याने पाना धरून उभा. मी काचेवर टकटक केली. ह्यांनी वर पाहिलं, मला ओळखलं, हसले आणि दोन बोटं वर केली.

दवाखान्यात माझ्या खिडकीशी येऊन माणसं का भांडायची, ते मला त्या दोन बोटांनी समजावलं.

ह्यांनी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नळी जोडली. चावी फिरवली. टाकीच्या पोटावर तळहात ठेवला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले, आमची मुलगी तापाने फणफणायची तेव्हा मी ठेवायचे तसा हात. दाढीवाला काही विचारायचा, हे समजावून सांगायचे, मधेच दोघंही हसायचे. चौतीस वर्षांत मी ह्यांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. घरी हे खुर्चीत पेपर धरून बसायचे, विचारल्यावर हूं म्हणायचे. मला वाटायचं, दमतो माणूस, स्वभावच अबोल. तसं नव्हतं तर. बोलणारा, हसणारा माणूस होता की हा. तो सगळा बाहेर खर्च व्हायचा आणि उरलेला घरी यायचा. मला फार वाईट वाटलं. आणि हेही कबूल करते, की हे छान दिसत होते.

अडीच वाजता वेटर मुलगी पुन्हा आली. "मावशी, तुम्ही सुरू करता का? काहीतरी आणू?"

"नको. येतीलच."

मला खाता आलं असतं. कुणी हात धरला नव्हता. पण मी एकटी जेवणार नव्हते. एकटी मी आयुष्यभर जेवले होते, गॅस बंद करून, ओट्याशी उभी राहून. आज नाही. मी पाणी पीत राहिले. शेजारचे लोक जेवून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

तीनला दहा कमी असताना ती तिसऱ्यांदा आली. "शेवटची ऑर्डर, मावशी. तीनला किचन बंद होतं. मग एकदम सातला."

मी काचेवर पुन्हा टकटक केली. ह्यांची माझ्याकडे पाठ होती. तोंडात कसलीतरी रबरी चकती धरून हे दोन्ही हातांनी पाना पिळत होते. मी पर्सच्या कडीने वाजवलं. दाढीवाल्याने पाहिलं, ह्यांनी नाही.

"दोन मिनिटं थांब गं," मी तिला म्हटलं. माझ्याच तोंडून.

ती बिचारी पाच मिनिटं थांबली. मग आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला.

हे आले तेव्हा सव्वातीन झाले होते. पुढच्या दाराने नाहीच, काचेच्या भिंतीतल्या छोट्या दाराने. केस ओले, शर्टावर डाग, आणि चेहरा उजळलेला.

"अगं, माझीच टाकी! बुडाला माझा नंबर आहे, माझ्या हाताने कोरलेला. त्यांचा मेकॅनिक सकाळपासून येणार म्हणून येतच नव्हता. त्या पोराला वाटलं मीच तो. म्हणाला, आलात का एकदाचे! आता काय सांगणार त्याला? ठिबकत होती गं. व्हॉल्व्हच्या आधीच्या जोडातून, म्हणजे टाकी आधी दुसरीत उपसावी लागते, नाहीतर सगळी बिअर फरशीवर. त्याने चाखायलाही दिली. काय झालीय म्हणून सांगू! तू काय खाल्लंस?"

"काही नाही."

"का? मागवायचं ना."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. चाखूनही झाली होती म्हणजे. मागे, उभ्या उभ्या.

"किचन बंद झालं," मी म्हटलं. "सातला उघडेल. आपली बस पाचला आहे."

ह्यांनी घड्याळ पाहिलं. रिकाम्या टेबलांवरून नजर फिरवली. माझ्या समोरच्या पाण्याच्या ग्लासापाशी ती थांबली. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला.

"तू दीड तास... नुसती?"

"तुम्ही सांगणार होतात ना, काय खायचं ते."

हे खुर्ची ओढून समोर बसले. वेटर मुलगीच पुढे आली आणि म्हणाली, "बिअर मिळेल, मावशी. ती चालू असते."

"ह्यांच्या टाकीतली आण," मी म्हटलं. "दोन."

दोन ग्लास आले. मी पहिला घोट घेतला. कडू होती, आणि कडूपणा गेल्यावर मागे भाजलेल्या धान्याची चव राहत होती. रिकाम्या पोटात ती सरळ खाली उतरली. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

"चांगली आहे," मी म्हटलं. ती चांगलीच होती. पण ते म्हणताना माझे डोळे भरून आले आणि ते मला लपवता आले नाहीत. ह्यांनी टेबलावरून हात पुढे केला, तो अर्ध्यावर थांबला. हात अजून काळा होता.

तेवढ्यात काचेतलं छोटं दार उघडलं. दाढीवाला घाईघाईने आमच्याकडे आला.

"काका, सॉरी हां. त्या दुसऱ्या टाकीचंही जरा बघता का? तिथूनही थोडं येतंय. दोनच मिनिटं."

ह्यांचे दोन्ही तळवे टेबलावर टेकले. उठण्याआधी टेकतात तसे. मला वाटतं, ह्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मी ऐकला.

"हे जेवायला बसलेत," मी म्हटलं.

आवाज चढवला नाही. दवाखान्यातल्या खिडकीतून बोलायचे तशीच बोलले. दाढीवाल्याने टेबलाकडे पाहिलं. दोन ग्लास, घडी घातलेले दोन कापडी रुमाल, कोरड्या दोन बशा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.

"हो," हे खाली बघत म्हणाले. "जेवतोय आम्ही."

"सॉरी काकू," तो पुटपुटला आणि आला तसा मागे गेला.

काचेपलीकडे तो एकटाच फरशीवर वाकला. ह्यांनी तिकडे मान वळवली नाही. खुर्ची पुढे ओढली, समोरच्या रुमालाची घडी उलगडली आणि तो मांडीवर नीट पसरून घेतला.