रंगाखालचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी विलायती मोटार आहे, आणि हे सांगताना मला माझ्याच अंगाची किळस येते आहे. आवाज चढवून बोलायचा माझा स्वभाव नाही. पण घाणीला घाण म्हणण्यात पाप नसावं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. चार दारं, ऐसपैस मागची बैठक आणि साधंसुधं इंजिन. दिसायला माझ्यासारखीच, पण मोठ्या इंजिनाची, शर्यतीत धावणारी माझी एक बहीण होती. तिचा मला कधी हेवा वाटला नाही. घरच्या माणसांना न्यावं आणि सुखरूप परत आणावं, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं.

माझे पहिले मालक डॉक्टर होते. चिखलातून आलो की आधी माझं पोट धुवायचं, मग स्वतःचे हातपाय, हा त्यांचा नेम. माझ्या दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं आहेत. त्यांत काडी घालून ते ती मोकळी करायचे. घरातले हसायचे, "गाडीचे कान कोरताय वाटतं!" डॉक्टरही हसायचे, पण नेम मोडत नसत.

ते गेले आणि त्यांच्या मुलानं मला घरामागे ताडपत्रीखाली ठेवलं. ताडपत्रीखाली ओल कोंडली. गंज बाहेरून चढतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. तो आत बसून जेवतो, आणि तुम्हाला दिसतो तेव्हा त्याचं जेवण उरकलेलं असतं. दाराखाली पुढून मागे जाणारी पत्र्याची पोकळ पेटी असते. तीच माझी कंबर. ती आतून पोखरली गेली. या गंजाची मला लाज नाही. म्हातारपण कोणाला चुकलंय? मला शिसारी आली ती पुढच्या कामाची.

मुलानं मला एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विकलं. वाक्यागणिक 'चकाचक' म्हणायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला चकाचकच म्हणत. त्यानं कुजलेला पत्रा कापून नवा जोडला नाही. माझ्या कमरेच्या पोकळीत त्यानं रद्दीचे बोळे कोंबले. त्यावर जाळी, जाळीवर रंगारी खड्डे बुजवायला वापरतात ती लांबी, आणि तिच्यावर तुकतुकीत रंग. आत एक उंदीर मरून पडला होता, तोही तसाच बुजवला. डाव्या दाराचा कुजलेला तळही तसाच लिंपला, आणि दारांची भोकंसुद्धा त्याच लगद्यानं बंद झाली. खालून डांबर फासलं. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

एवढ्यावर भागलं नाही. शर्यतीतली ती बहीण अपघातात चेपून भंगारात गेली होती. तिची किंमत मला यावी म्हणून तिच्या नंबराची पट्टी आणून त्यानं माझ्या बॉनेटखाली ठोकली, तिचं चिन्ह माझ्या पाठीवर लावलं. मेलेल्याचे कपडे चढवून कुणाला मांडवात उभं करावं, तशी मी उभी होते.

मग आज एक जोडपं मला बघायला आलं. त्यातले सर शाळेत भूगोल शिकवायचे, आणि बाईंना दिवस गेले होते, अगदी भरत आले होते. बाळाला घरी आणायचं ते याच गाडीतून, असं सरांनी मनाशी ठरवलं होतं. चकाचकनं मला सकाळीच पाइपनं न्हाऊ घातलं होतं. त्यानं खुर्च्या मांडल्या, चहा दिला आणि बाईंना म्हणाला, "वहिनी, पुढे बसून बघा. सीटला बांधायचा पट्टापण बसवलाय. एकदम चकाचक!"

सरांनी बॉनेट उघडलं. नंबराची पट्टी जुनी, पण तिचे स्क्रू कोरे करकरीत. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे स्क्रू नवे कसे?"

"सर, माणसावर संशयच घ्यायचा तर चहा कशाला घेतलात?" चकाचक हसत म्हणाला.

सर ओशाळले. त्यांनी हात खिशात घातला आणि तिथेच ठेवला. मला जाणवत होतं, मित्रांनो, त्यांच्या मुठीत काय होतं. मी आतल्या आत ओरडत होते, काढा, काढा ते बाहेर! पण आम्हा मोटारींना देवानं फक्त भोंगा दिलाय, आणि तोही दुसऱ्यानं दाबायचा.

बाईंचं लक्ष गेलं. "अहो, खिशात काय चाळवताय मघापासून?"

"लोहचुंबक. पत्रा खरा आहे का बघायला आणलं होतं," सर हळूच म्हणाले. "पण बरं दिसत नाही गं. चहा प्यायलोय आपण त्यांचा."

"मग काय पूजेला लावायचंय ते? भीड भिकेची बहीण! आणा इकडे."

बाईंनी चुंबक रुमालात गुंडाळलं, माझ्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. डॉक्टरांनंतर माझा एवढा विचार कोणी केला नव्हता. बॉनेटवर चुंबक चिकटलं. छपरावर, उजव्या दारावर चिकटलं. डाव्या दाराच्या खालच्या बाजूला लावलं आणि ते टपकन खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"वहिनी, तिथे कंपनी ॲल्युमिनियम वापरायची," चकाचक म्हणाला.

"डाव्याच दाराला? उजव्यानं काय घोडं मारलं होतं?"

बाईंनी ते दार जरा जोरानं उघडलं आणि दाराच्या पोटात पाणी डुचमळलं. भोकं बुजलेली, सकाळची आंघोळ जाणार कुठे? बाईंनी दार दोनदा हलवून पाहिलं. "आत मासे पाळलेत का हो?"

आता सरांची भीड चेपली. ते गुडघ्यावर बसले. घरच्या किल्लीनं त्यांनी माझी कंबर जरा दाबली आणि किल्ली मुठीपर्यंत आत गेली. बाहेर आला तो काळा, बुळबुळीत रद्दीचा लगदा, आणि त्याला चिकटलेले केस. सरांनी तोंड फिरवलं. मग त्यांनी त्याच कमरेत बोल्टनं बसवलेला, बाईंसाठीचा तो पट्टा धरून ओढला. बोल्ट, जाळी आणि लांबीचं ढेकूळ, सगळं त्यांच्या हातात आलं.

बाई पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हा पट्टा तुम्ही मला लावायला सांगत होतात?"

"जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार चालायचंच, वहिनी."

"वहिनी म्हणू नका मला," त्या शांतपणे म्हणाल्या. सरांनी बोल्ट चहाच्या बशीत ठेवला आणि दोघं निघून गेली. मला कोणी नाकारलं आणि मला आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

तो आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. चकाचकनं रंगाऱ्याला हाक मारली. "भर परत. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." रंगारी म्हणाला, "अजून ओलं आहे." "ओल्यावरच भर." आणि माझ्या उघड्या जखमेवर पुन्हा लांबी थापली गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या म्हाताऱ्या गाड्या म्हणतात, मला विकत घ्या, मला जपा. माझं मागणं वेगळं आहे. माझ्याकडे आलात तर चहा पिऊन लाजू नका. गुडघ्यावर बसा, चुंबक लावा, पायाखालची सतरंजी उचला, कोपऱ्याकोपऱ्यात बोट घाला. आणि माझं खरं रूप दिसलं की मोठ्यांदा सांगा, चार लोकांत सांगा. ज्याला पत्रा कापून नवा जोडायचा असेल त्यानं मला माझ्या साध्या नावानं न्यावं. नाहीतर मी भंगारात जायला तयार आहे. पण कोणाचं लेकरू मांडीवर घेऊन, या लगद्यावर विसंबून, मला रस्त्यावर काढू नका.

उद्या येणाऱ्या त्या माणसाला तुम्ही ओळखत असाल, तर त्याला आजच गाठा.